१७-१३ वरून सेट गेला, तेव्हा तू कोणत्या बाजूला उभा होतास?

प्रश्न असा आला: "सर, मी नाशिकचा, वय २१. पाच वर्षं इनडोअर व्हॉलीबॉल खेळतोय, गेल्या वर्षापासून बीच. परवा कोकणातल्या एका स्पर्धेत पहिला सेट आम्ही जिंकलो. दुसऱ्यात १७-१३ ने पुढे होतो. मग समोरच्यांनी सगळ्या सर्व्हिस माझ्यावरच टाकायला सुरुवात केली. सलग पाच गुण गेले, १७-१८ झालं. सेट १९-२१ ने गेला आणि तिसऱ्यात तर आम्ही उभेच राहिलो नाही. टेक्निक बरं आहे असं सगळे म्हणतात, पण मन टिकत नाही. ध्यान करू का? व्हिज्युअलायझेशन करू का? एकाग्रतेसाठी नेमकं काय करावं?"

मनाकडे येतो, पण आधी एक हिशोब करू. बीचवर, म्हणजे वाळूवरच्या दोन-दोन जणांच्या खेळात, पहिल्या दोन सेटमध्ये दोघांचे मिळून दर सात गुणांनी बाजू बदलते. १७-१३ म्हणजे ३० गुण. त्याआधी तुम्ही बाजू बदलली २८ वर, आणि पुढे बदलणार ३५ वर. १७-१८ म्हणजे बरोबर ३५. तुझे ते पाचही गुण एकाच टोकाला उभं राहून गेले. सामना किती वाजता होता? वारा कुठून होता? ऊन डोळ्यांवर येत होतं का? तू लिहिलंयस त्यात मन आहे, एकाग्रता आहे, वारा एकदाही नाही.

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ करतो, पेपरात आकृती काढून मार्क घेतो आणि विसरतो. कोकणात खेळायला गेलास की तोच धडा पुन्हा उघडावा लागतो. सकाळी आठच्या सामन्यात झेंडा निपचित असतो. जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारपर्यंत चांगला जोर धरतो. किनाऱ्यावरच्या कोर्टावर तो बहुतेक वेळा तिरका येतो, त्यामुळे एका बाजूच्या जोडीच्या तोंडावर आणि दुसरीच्या पाठीवर असतो. नवीन मुलांना वाटतं, पाठीवर वारा म्हणजे फायदा. प्रत्यक्षात उलटं आहे. वारा तोंडावर असला की तू मारलेला चेंडू तो रोखून धरतो, त्यामुळे जोरात मारलेलाही आत पडतो. पाठीवर वारा असला की तुझी नेहमीची सर्व्हिस मागच्या रेषेच्या बाहेर जाते आणि तुझा पास वाहत वाहत जाळीवर किंवा थेट पलीकडे जातो. शिवाय समोरच्याची सर्व्हिस वाऱ्याविरुद्ध येते, म्हणून ती मध्येच डुगडुगते आणि तुझ्या पुढ्यात अचानक गळते. तुझे ते पाच गुण आठव. आखूड पडलेली सर्व्हिस, उशिरा टाकलेलं पाऊल, जाळीपलीकडे गेलेला पास, असंच चित्र असेल तर ते वाईट बाजूचं चित्र आहे. त्यात मनाचा वाटा आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, मार खाऊन सांगतोय. वीसेक वर्षांपूर्वी अलिबागकडच्या एका किनाऱ्यावर तिसऱ्या सेटला आम्ही १३-१० ने पुढे होतो. तिसरा सेट १५ चा, बाजू दर पाच गुणांनी बदलते. दोन गुण गेले, १३-१२ झालं, म्हणजे २५. बाजू बदलली. पुढचा गुण आम्ही घेतला, १४-१२, सर्व्हिस माझी. एका गुणाची गरज. मी अगदी तीच सर्व्हिस मारली जी आधीच्या बाजूने पाच वेळा आत पडली होती. आता वारा पाठीवर होता. चेंडू रेषेच्या हातभर बाहेर. पुढच्या तीन सर्व्हिस त्यांनी माझ्या पुढ्यात आखूड टाकल्या, तिन्हींना मी उशिरा पोचलो. १४-१६. परतीच्या प्रवासात जोडीदार कसाऱ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. कसाऱ्याला चहा घेताना म्हणाला, "तू अजून त्या बाजूलाच खेळत होतास." एकाग्रतेची इतकी नेमकी व्याख्या मी नंतर कुठल्या शिबिरात ऐकली नाही. मी पूर्ण जोर लावून, जीव तोडून लक्ष देत होतो, फक्त पाच मिनिटांपूर्वीच्या सामन्यावर.

आता तुझ्यावर सगळ्या सर्व्हिस का टाकल्या, ते. बीचवर जो सर्व्हिस घेतो तोच पास देतो, जोडीदार सेट करतो, म्हणजे मारण्यासाठी चेंडू वर देतो, आणि पुन्हा सर्व्हिस घेणाराच मारतो. बदली खेळाडू नसतो. त्यामुळे एकाला निवडून त्याच्यावरच टाकत राहायचं, हा या खेळातला सगळ्यात जुना डाव आहे. दर वीस-तीस सेकंदांनी पास, धाव, उडी, परत मागे. याला अपमान समजलास की रागाने मारायला लागतोस, आणि त्यांना तेच हवं असतं. मी मुलांना सांगतो, तुमच्यावर सर्व्हिस येतायत म्हणजे आजचा मुख्य नट तुम्ही आहात, भूमिका नीट करा. आणि आकडे बघ. १७-१३ वर सर्व्हिस त्यांची. तिथून तुम्ही स्वतःच्या सर्व्हिसवर एकही गुण मिळवला नसता, फक्त त्यांची प्रत्येक सर्व्हिस फोडली असती, म्हणजे त्यांच्या सर्व्हिसवरचा गुण घेतला असता, तरी सेट २१-१६ ने तुमचा होता. १८-१३, १८-१४, १९-१४ असं मोजत जा, कळेल. तिथे पराक्रमाची गरजच नव्हती. एक पास, एक सेट, एक साधा शॉट, एवढं चार वेळा. शिवाय प्रत्येक सेटमध्ये तुम्हाला ३० सेकंदांचा एक टाइमआउट मिळतो. तो घेतलास का? १७-१५ ला घ्यायचा असतो. १७-१८ झाल्यावर बाजू बदलताना आपोआप श्वास मिळतोच.

टेक्निक बरं आहे असं जे म्हणतात त्यांनी तुला कुठे पाहिलंय? हॉलमध्ये की वाळूत? हा फरक मी मुद्दाम विचारतो, कारण आपल्याकडे वाळू मिळते कुठे?

नाशिकला समुद्र नाही हे रडगाणं मीही पुष्कळ गायलंय. मग चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला आणि आमचं गाणं बंद झालं. मखमलाबादच्या बाजूला एका ओळखीच्या द्राक्षबागायतदाराने पडीक तुकडा दिला, तिथे आम्ही कोर्ट करायचं ठरवलं. कोर्ट १६ बाय ८ मीटर, भोवती किमान तीन मीटर मोकळं, म्हणजे २२ बाय १४. वाळूची खोली निदान ४० सेंटीमीटर हवी. गुणाकार केला तर साधारण १२३ घनमीटर, आपल्या भाषेत ४३ ब्रास. वाळूचा भाव विचारला आणि सगळे गप्प झाले. शेवटी निम्म्यावर भागवलं. वर वाळूची साय, खाली काळी माती. दोन हंगाम आम्ही तिथे खुशीत खेळलो आणि मग खऱ्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा कुणाचीही उडी होईना. वीस सेंटीमीटरच्या वाळूत पाय खालच्या कडक थराला टेकतो. शरीर नकळत त्या थरावरून उडी मारायला शिकतं. किनाऱ्यावर तो थर नसतो. तुम्ही कोर्ट करणार असाल तर क्षेत्र कमी करा, मोकळी जागा नंतर वाढवा, पण खोलीत काटकसर करू नका. आणि क्रश सँड स्वस्त पडते म्हणून टाकू नका. तिचे कण टोकदार असतात, आठवड्यात गुडघे आणि कोपरं सोलून निघतात. नदीची धुतलेली, चाळलेली, गोल कणांची वाळूच हवी.

पायाखालची वाळू सरकणे हा वाक्प्रचार आपण घाबरण्यासाठी वापरतो. बीचवर तो प्रत्येक पावलाला खरा असतो. हॉलच्या जमिनीला मागे ढकललं की ती तुम्हाला पुढे फेकते. वाळूला मागे ढकललं की वाळूच मागे जाते. म्हणून पावलं छोटी, तळवा पूर्ण टेकलेला, जोर सरळ खाली, गुडघे वाकलेले. हॉलमध्ये धावताधावता हात लावून पास देता येतो, इथे चेंडूला हात लागायच्या आधी पाय थांबलेले हवेत. पोचता आलं नाही तर शेवटचं पाऊल मोठं टाकून गुडघ्यावर जा, पण लांबून हात झाडू नकोस.

इथे मन आणि टेक्निक यांची गाठ पडते, म्हणून जरा थांबतो. इतकी वर्षं मुलांना बघताना एक गोष्ट मी शंभरदा पाहिली आहे. दडपण आलं की खेळाडू सरळ उभा राहतो. विचार बदलायच्या आधी गुडघे बदलतात. ७-५ ला जो मुलगा नीट वाकून सर्व्हिसची वाट बघत होता, तो १७-१५ ला ताठ उभा असतो, खांदे कानाकडे गेलेले, हात आधीच जोडलेले. त्याला विचारा, तो म्हणेल मी शांत आहे. त्याचे गुडघे वेगळं सांगतात. ताठ उभ्या माणसाला आखूड सर्व्हिस मिळतच नाही. म्हणून मी बाजूला उभा राहून "मन शांत ठेव" असं कधी ओरडत नाही, "खाली बस!" एवढंच ओरडतो. स्पर्धेत मी ओरडायला नसतो, तेव्हा ते जोडीदाराने म्हणायचं. मनाला हुकूम देऊन ते ऐकत नाही, हे आपल्या सगळ्यांना परीक्षेच्या आदल्या रात्री कळलेलं असतं. गुडघे मात्र ऐकतात.

पासबद्दल दोन गोष्टी. एक, चेंडूतली हवा. इनडोअरच्या चेंडूत ०.३०० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब असतो, बीचच्या चेंडूत ०.१७५ ते ०.२२५. म्हणजे साधारण दोन तृतीयांश. बीचचा चेंडू किंचित मोठाही असतो. आपल्याकडे बीचचा चेंडू आणतात आणि अंगठ्याने दाबून "टणक झाला" म्हणेपर्यंत पंप मारतात. त्या चेंडूवर सहा महिने सराव केलेला मुलगा स्पर्धेत गेला की त्याचा प्रत्येक पास कमी पडतो, आणि मग तो म्हणतो, सर, आत्मविश्वास गेला. दोन, पासची जागा. हॉलमध्ये सेटर जाळीजवळ ठरलेल्या ठिकाणी असतो, तिथे पास नेऊन द्यायचा. बीचवर सेटर तुझ्या शेजारी उभा असतो, त्याला तिकडे धावत यायचंय. म्हणून पास तुझ्यासमोर सरळ, किंचित आत, जाळीपासून दीड-दोन मीटर अलीकडे. वारा पाठीवर असेल तर आणखी अलीकडे आणि उंची कमी. जाळीला चिकटलेला सुंदर पास हा बीचवर समोरच्या ब्लॉकरला, म्हणजे जाळीवर मारा अडवणाऱ्याला, दिलेला आहेर असतो.

अटॅकला तुझी सवय बहुधा लवकर धावण्याची असणार, इनडोअरमधून येणाऱ्या सगळ्यांचीच असते. पास दिला की चाल, धावू नकोस. जोडीदाराच्या हातातून चेंडू वर गेला, कुठे जातोय ते दिसलं, की मग निघ. वाळूत पुढच्या दिशेचा वेग उडीत फारसा बदलत नाही, तो वाळूतच मुरतो. म्हणून चेंडूच्या खालीच थोडं मागे पोच आणि सरळ वर उडी घे, दोन्ही हात जोरात वर आण. हॉलपेक्षा उडी कमीच भरणार, ते धरूनच चाल. बोटांच्या टोकांनी चेंडू ढकलायची सवय असेल तर ती आत्ताच मोड, इथे तो फाऊल आहे. मुठीच्या पेरांनी किंवा जुळवलेल्या ताठ बोटांनी, ज्याला कोब्रा म्हणतात, टाकायचा. आणि शॉट दोनच ठेव. एक ब्लॉकरच्या डोक्यावरून सरळ रेषेत, मागच्या कोपऱ्यात. दुसरा मनगट वळवून आडवा, जाळीलगत पलीकडच्या बाजूच्या रेषेकडे, ज्याला कट म्हणतात. हे दोन डोळे मिटून जमेपर्यंत तिसरा शिकू नकोस. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ऑमन आणि हेल्विग या जोडीने उडी मारून सेट करण्याच्या शैलीवर सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक मुलगा रील दाखवून "सर, हे शिकवा" म्हणतो. त्या दोघांचा पास बहुतेक वेळा हव्या त्या जागी जातो, म्हणून ती उडी शोभते. वाऱ्यात हातांनी वरून सेट करताना दुहेरी स्पर्श झाला तर पंच सोडत नाहीत. खालून, मनगटांवरून केलेला नीट सेट यात काही कमीपणा नाही, मोठमोठ्या जोड्या वाऱ्यात तेच करतात.

ब्लॉकबद्दल फार लिहीत नाही, तुझा प्रश्न तो नाही. ब्लॉकर पाठीमागे हात धरून जोडीदाराला खूण करतो: एक बोट म्हणजे सरळ रेषा अडवणार, दोन बोटं म्हणजे तिरका मारा अडवणार, मूठ म्हणजे ब्लॉक नाही. आणि ब्लॉकला लागलेला चेंडू तीन स्पर्शांतला एक धरला जातो, हे इनडोअरवाले हमखास विसरतात.

आता दोन गुणांमधली बारा सेकंदं. एक रॅली संपल्यापासून पुढच्या सर्व्हिसच्या शिट्टीपर्यंत साधारण बाराच सेकंद मिळतात. शिट्टीनंतर सर्व्हिससाठी पाच. पाऊण तासाच्या सामन्यात चेंडू खरोखर हवेत असतो तो वेळ त्या मानाने थोडा. बाकी सगळा वेळ या बारा-बारा सेकंदांच्या तुकड्यांचा असतो आणि तुझा सेट तिथे गेलाय. रॅलीच्या आत तुझं लक्ष आपोआप असतं, चेंडू तोंडावर येत असताना कुणी घरच्या लाइट बिलाचा विचार करत नाही. भटकतं ते मधल्या वेळात. तेव्हा सामनाभर एकाग्र राहायचा प्रयत्नच सोड. तसं कुणी राहत नाही. बारा सेकंदं नीट खर्च करायला शिक.

माझी पद्धत सांगतो, तुला बदलावीशी वाटली तर बदल. रॅली संपली की जाळीकडे पाठ करायची आणि मागच्या रेषेपर्यंत चालायचं. हात झटकायचे, गॉगल पुसायचा, वाळू खरोखर झाडायची. त्या चार पावलांत झालेल्या गुणाबद्दल एकच वाक्य, आणि त्यात बातमी हवी, निकाल नको. "सर्व्हिस आखूड आली, मी मागे होतो" ही बातमी. "मी आज घाण खेळतोय" हा निकाल. बातमीवर काही करता येतं. मग वळायचं, जोडीदाराच्या हाताला हात लावायचा आणि पुढच्या गुणाचं एकच काम मोठ्याने बोलायचं: "अर्धं पाऊल पुढे उभा राहतो." दोन कामं ठरवू नयेत, दोन ठरवली की एकही होत नाही. मग जागेवर येऊन एक लांब उच्छ्वास, गुडघे खाली, आणि डोळे सर्व्हिस करणाऱ्याच्या हातातल्या चेंडूवर. तोंडावर नाही, पायांवर नाही, गुणफलकावर तर नाहीच.

डोळ्यांचं हे मी आधी अंदाजाने करायचो, नंतर कळलं की कॅनडातल्या जोन व्हिकर्स या संशोधिकेने त्याला "क्वाएट आय" असं नाव देऊन बराच अभ्यास केलाय. मुरलेला खेळाडू हालचाल सुरू करण्याआधी नजर एका जागी लवकर आणि जास्त वेळ स्थिर ठेवतो, कच्च्याची नजर भिरभिरते. नुसतं "चेंडू बघ" म्हटलं की मुलं बघतात आणि काही दिसत नाही. म्हणून डोळ्यांना मी प्रश्न देतो. चेंडू हातातून सुटल्यावर तो फिरतोय की तरंगतोय? एवढंच ओळखायचं. फिरत असेल तर खाली वळणार, तरंगत असेल तर ऐनवेळी सरकणार. आणि जाळी ओलांडायच्या आत "आखूड" किंवा "लांब" असं मोठ्याने म्हणायचं. चुकलं तरी चालेल, पण म्हणायचंच. सरावात पहिले दोन आठवडे निम्म्या वेळा चुकशील. नंतर लक्षात येईल की ओरडायच्या आधीच पाय निघालेले असतात. ज्याचे डोळे उत्तर शोधण्यात गुंतलेत त्याला "आता चुकलो तर" हा विचार करायला जागा उरत नाही.

बचावातही तसंच. चेंडू, मग सेट करणारा, परत चेंडू, मग मारणारा, असा डोळ्यांचा प्रवास. मारणाऱ्याची कोपर खाली आली, हात मंदावला, तर शॉट टाकणार. सेट जाळीपासून लांब गेला तर ब्लॉकर मागे येणार. यात भीतीला फुरसत मिळत नाही.

जोडीदाराबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, हे मला जरा खटकलं. दोघांच्या खेळात निम्मी एकाग्रता उसनी मिळते. तू मारायला उडी घेतोस तेव्हा समोरचं कोर्ट तुला दिसत नाही, सेट केलेल्या जोडीदाराला दिसतं. त्याने ओरडायचं: "सरळ", "आडवा", किंवा ब्लॉक नसेल तर "कुणी नाही". तू फक्त ऐकायचं आणि मारायचं. मुलं विचारतात, सर, समोरच्यांनाही मराठी कळतं. कळू दे. आवाज इतका उशिरा येतो की त्यांना हलायला वेळ नसतो. आपल्या नाशिकच्या जोड्या मात्र कोर्टावर देवळात उभं राहिल्यासारख्या मुकाट असतात, हा मोठा दोष आहे. आणि "सॉरी" बंद. प्रत्येक चुकीनंतर सॉरी म्हटलं की जोडीदाराला "असू दे" म्हणावं लागतं, दोघांची चार सेकंदं जातात आणि दोघंही मागच्या गुणात अडकतात. तुझ्यावर सर्व्हिसचा मारा चालला होता तेव्हा जोडीदाराने काही केलं का? तो मधे सरकून तुझं कोर्ट लहान करू शकला असता. दोन सर्व्हिस ओढून स्वतःकडे घेऊ शकला असता. हे त्याला माहीत नसेल तर सांग, दोष देऊ नकोस.

अंगातलं पाणी हेही बघ. नाशिकची मुलं सकाळी सहा ते आठ सराव करतात. थंडीत तर शेकोटी विझायच्या आत सराव आटोपतो. स्पर्धेचा सामना पडतो दुपारी एकला, कोकणच्या दमट हवेत. दुसऱ्या सेटच्या शेवटी "मन टिकत नाही" असं वाटतं त्यातला बराच भाग घामावाटे निघून गेलेला असतो. उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस तरी लागतात. स्पर्धेच्या दोन आठवडे आधीपासून सराव हळूहळू दुपारकडे सरकव. तापलेल्या वाळूत जाड मोजे घाल आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी तहान लागायच्या आधीपासून घे.

ध्यान जरूर कर, मीही रोज दहा मिनिटं बसतो, झोप चांगली लागते. पण घरच्या गादीवर मिळवलेली शांतता आपल्या पायाने कोर्टावर चालत येत नाही. तिला वाट करून द्यावी लागते आणि ती वाट म्हणजे बारा सेकंदांतला तो एक उच्छ्वास. ध्यानात तोच उच्छ्वास घे, सर्व्हिस घेण्याआधी तोच. व्हिज्युअलायझेशन करत असशील तर त्यात पदक घेतानाचा फोटो नको. पाठीवर वारा आहे, डाव्या डोळ्यावर ऊन आहे, १७-१५ झालंय, सर्व्हिस आखूड येतेय, असं बघ आणि पाऊल टाक.

सरावाचं एवढंच सांगतो. पुढच्या महिन्यात रोज पूर्ण सामने खेळू नका. आठवड्यात तीन दिवस १७-१३ पासून सुरू करा. पुढे तू, वाईट बाजूला तू, सर्व्हिस त्यांची आणि सगळ्या तुझ्यावर. ३५ होईपर्यंत बाजू बदलायची नाही. २१ पर्यंत खेळा, हरेल त्या जोडीने मिसळ द्यायची. पैज लहान असली तरी खरी हवी, त्याशिवाय गुडघे ताठ होत नाहीत आणि ताठ झाले नाहीत तर वाकवायचा सराव कसा होणार? एका वहीत रोज तीन गोष्टी लिही: वारा कुठून होता, किती सर्व्हिस फोडल्या, पहिला पास कुठे बिघडला. मनःस्थितीबद्दल काही लिहू नकोस. वाळू मिळत नसेल त्या दिवशी कुठल्याही शाळेच्या मैदानावरच्या लांब उडीच्या खड्ड्यात जा. पासचं जमणार नाही, पण शेवटची दोन पावलं आणि सरळ वर उडी तिथे छान घोटता येते. खड्डा आधी खोदून भुसभुशीत कर, आणि मुलांच्या पीटीच्या वेळेआधी सारखा करून ठेव, नाहीतर पुढच्या वेळी आत सोडणार नाहीत.

येत्या रविवारी आम्ही सकाळी नाही, दुपारी दोनला खेळतोय, मुद्दाम. जोडीदाराला घेऊन ये. चेंडू माझ्याकडे आहेत, हवा मोजायचं गेज मात्र मागच्या महिन्यात वाळूत हरवलंय, तेवढं घेऊन ये.